कुंपणाच्या आतली पेक्टेलिस : प्रकल्प नोंदी, जून २०२३ ते सप्टेंबर २०२५

१४ जून २०२३

पाऊस नाही. जांभ्यावर पाय ठेववत नाही. जुनी वही मागच्या पावसात शेवाळून गेली, म्हणून आजपासून नोंदी थेट संगणकावर.

नव्याने येणाऱ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते. झाड : पेक्टेलिस गिगँटिया, जमिनीत वाढणारं ऑर्किड. कमरेएवढा दांडा, त्यावर दोन-चार मोठी पांढरी फुलं. ओठाच्या पाकळीच्या बाजू कंगव्यासारख्या झालरदार. लॅटिनमध्ये पेक्टेन म्हणजे कंगवा, नाव त्यावरून. फुलामागे मधाची शिंग-नळी, बोटाहून लांब. जागा : दक्षिण सह्याद्रीतला एक सडा, म्हणजे डोंगरावरचं जांभ्याचं उघडं पठार, आणि त्याच्या काठचा गवताळ उतार. यापेक्षा जास्त पत्ता या नोंदीत येणार नाही, जीपीएसचे आकडे वेगळ्या फायलीत आहेत. नेमकी जागा एकदा फोटोखाली छापली, की पुढच्या हंगामात तिथे खड्डेच दिसतात.

दोन चौकोन, प्रत्येकी २० मीटर बाय २० मीटर. ‘अ’ला फेब्रुवारी २०२२ मध्ये काटेरी तारेचं कुंपण केलं. ‘ब’ मोकळा, तिथे गुरं चरतात. कुंपणानंतरच्या पहिल्याच पावसात ‘अ’मध्ये ३६ कोंब मोजले, १५ झाडं फुलली. तेव्हाच्या अहवालात ‘संरक्षणाचे स्पष्ट यश’ असं मीच लिहिलंय.

८ जुलै २०२३

पाऊस जूनच्या शेवटी एकदाचा आला. आज मोजणी.

पद्धत : प्रत्येक झाडाजवळ लांब खिळा आणि ॲल्युमिनियमची पट्टी. पण पट्ट्या उडतात, गुरांच्या खुरांनी दबतात, पोरं नेतात. म्हणून दोन पक्क्या खांबांपासून टेपने अंतर मोजून ठेवलंय. दोन अंतरं जुळली की तेच झाड. चिखलात ओणवं होऊन दिवसभर हेच.

‘अ’ : २७. ‘ब’ : २५.

म्हणजे ‘अ’मधले नऊ गायब. घाबरण्यासारखं नाही. या ऑर्किडांचा जमिनीखालचा कंद दर वर्षी नवा होतो आणि जुना सुकतो. एखादं वर्ष झाड वर येतच नाही, खाली बुरशीच्या जिवावर काढतं. न दिसलेलं झाड मेलं असं लिहायचं नाही. रकान्यात ‘दिसले नाही’ एवढंच.

खोदून बघायची इच्छा आवरली.

१९ ऑगस्ट २०२३

ऑगस्ट चाललाय आणि सडा मार्चसारखा पिवळा. पाणथळ खळगे आटले, त्यातली सीतेची आसवं ही इवली फुलं बसली. ‘अ’मध्ये सहा झाडांना कळ्या, ‘ब’मध्ये सात. बाकीच्यांची पानं टोकाकडून करपताहेत.

गुराखी मामा कुंपणापाशी थांबले होते. “म्याडम, आत गवात बगा कसं माजलंय. आमची गुरं भाईर उपाशी आन् तुमचं गवात आत नासतंय.” मी हसून विषय बदलला. खरं तर राग आला होता. कुंपणामुळे त्यांना पाण्याच्या डबक्याकडे जायला वळसा पडतो, त्याचं ते बोलताहेत असं वाटलं.

२ सप्टेंबर २०२३

रात्र क्रमांक चार. ट्रॅप कॅमेऱ्याचा उपयोग नाही, तो उष्णतेची हालचाल टिपतो, पतंगाला दाद देत नाही. त्यामुळे साधा व्हिडिओ कॅमेरा तिवईवर, लाल दिवा, आणि आम्ही तिघं पोत्यावर.

दिवसा या फुलाला वास जवळजवळ नसतो. अंधार पडल्यावर सुटतो, आणि वाऱ्याची दिशा बदलली की दहा-बारा पावलांवर येतो. सव्वासातला हॉकमॉथ, म्हणजे लांब सोंडेचा मोठा पतंग, आला. आधी आवाज, लहान पंख्यासारखा. मग फुलासमोर हवेत एका जागी थांबला, सोंड उलगडली आणि नळीत घातली. आत, आत, अजून आत. शेवटी तोंड फुलाला टेकलं. दोन सेकंद. बाहेर येताना सोंडेला झटका दिला, जसा आपण ओल्या हाताला देतो. पुढच्या फुलावर. तिसऱ्यावर. आणि गेला.

व्हिडिओ थांबवून पाहिला. तोंडाजवळ दोन पिवळे ठिपके आहेत. हेच पोलिनिया, म्हणजे परागाचे गठ्ठे, खाली चिकट चकती असलेले. डोळ्याला चिकटलेत की सोंडेच्या मुळाशी, ते या चित्रात कळत नाही. अंगावरच्या गुलाबी पट्ट्यांवरून ॲग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली या जातीचा हॉकमॉथ वाटतो. याच्या अळ्या रताळ्याच्या वेलीवर आणि तिच्या कुळातल्या रानवेलींवर वाढतात, कडधान्यांवरही. म्हणजे आपल्या फुलाचा परागवाहक खालच्या गावातल्या शेतांत लहानाचा मोठा होतो, आणि तिथे शेपटीवर शिंग असलेली जाडजूड अळी दिसली की फवारणी होते. आमच्या ४०० चौरस मीटरच्या कुंपणाला याचा पत्ताच नाही.

(नंतरची भर : पुढच्या दोन धरून सहा रात्रींत मिळून भेटी दोन.)

६ सप्टेंबर २०२३

हाताने परागण. सहा फुलं, दोन्ही चौकोनांतली, सगळी वेगवेगळ्या झाडांची. टूथपिक चकतीला टेकवली की पोलिनिया अलगद निघून येतो. हे पहिल्यांदा करणाऱ्या एमएस्सीच्या मुलीने “अय्या!” म्हणून टूथपिकच टाकली. मग तो गठ्ठा दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या ओलसर, चकचकीत कुक्षीवर, म्हणजे पराग घेणाऱ्या भागावर, दाबायचा. काही कण तिथे राहतात, गठ्ठा परत वापरता येतो.

सगळ्याच फुलांना हाताने पराग द्यावे, म्हणजे भरपूर बी मिळेल, असं एकाने सुचवलं. नको म्हटलं. भरपूर फळं धरलेलं ऑर्किड पुढच्या वर्षी लहान येतं किंवा फुलतच नाही, असं काही जातींत आढळलंय. कंदातली शिदोरी शेवटी मोजकीच असते.

२१ ऑक्टोबर २०२३

हाताने परागण केलेल्या सहापैकी पाच फुलांना बोंडं. आपापल्या नशिबावर सोडलेल्या २३ फुलांपैकी चार. फूल बी धरू शकतं, अडलंय ते पतंगापाशी. निदान या वर्षी तरी.

हवामान खात्याच्या नोंदींनुसार यंदाचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. त्यामुळे ‘अ’मधली घट आम्ही दुष्काळाच्या खात्यावर टाकली. सोयीचं होतं. ‘ब’वरही तोच दुष्काळ होता, आणि तिथे घट का झाली नाही, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

९ नोव्हेंबर २०२३

दोन बोंडं तडकण्याआधी काढली. बाकीची झाडावरच. आतलं बी म्हणजे भुकटी. कागदावर फुंकर गेली की संपलं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक बी जाळीदार पिशवीसारखं, मधोमध गर्भाचा ठिपका. डाळीत किंवा भातात असतो तसा अन्नसाठा अजिबात नाही. योग्य बुरशी गर्भात शिरली, तिने खाऊ घातलं, तरच पुढे काही. नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला १८९९ मध्ये ऑर्किडाची रुजलेली बियाणी मातीत सापडली आणि त्यांच्या आत बुरशी दिसली. त्याआधी माळी लोक ऑर्किडाचं बी आईझाडाच्या मुळाशी भुरभुरायचे, का ते माहीत नसताना.

आम्ही तेच करतोय, फक्त पुड्या बांधून. नायलॉनच्या बारीक जाळीत बी घालून ती जुन्या फोटो-स्लाइडच्या चौकटीत अडकवायची आणि मातीत उभी पुरायची. बुरशीचे धागे जाळीतून आत जातात, बी बाहेर पडत नाही. चौकटी मिळवायला फार फिरावं लागलं. आता स्लाइड कोण वापरतं! एका निवृत्त सरांनी डबाभर दिल्या, आतल्या किल्ल्यांच्या चित्रांसकट. चित्रं काढून परत केली.

४८ पुड्या. २४ ‘अ’मध्ये, २४ ‘ब’मध्ये. निम्म्या मोठ्या झाडापासून मीटरभराच्या आत, निम्म्या लांब.

१६ फेब्रुवारी २०२४

प्रयोगशाळेची बाजू. मुळाच्या दोन सेंटिमीटर तुकड्यातून बुरशीची गुंडाळी सोडवून ती वाढवायची आणि ओटमील आगर या जेलीसारख्या खाद्यावर बियांसोबत ठेवायची, असा बेत होता. पहिल्या फेरीत निम्म्या ताटल्यांवर हिरवी बुरशी चढली. दुसऱ्या फेरीत तीन ताटल्यांत बी फुगलं, आणि शनिवार-रविवारी वीज गेली. उबवणपेटी बंद पडून खोलीएवढी तापली. ज्यांच्याकडे ठेवलं होतं त्यांनी सोमवारी दुपारी कळवलं, तेही “काही विशेष नाही” म्हणत.

बुरशीशिवाय साखरेवर बी रुजवता येतं, हे लुईस नडसनने १९२२ मध्येच दाखवून दिलं. बाजारातल्या ऑर्किडांचा बराचसा धंदा त्यावर उभा आहे. पण बाटलीत वाढलेलं रोप सड्यावर टिकवणं ही वेगळीच लढाई. तूर्त जमिनीतल्या पुड्यांवर भिस्त.

२८ मार्च २०२४

वणवा. पलीकडच्या डोंगरावरून आला. ‘ब’वरून भुरकन गेला, कारण तिथे जळायला खुरटं गवत तेवढं. ‘अ’मध्ये दोन वर्षांचं कुसळी गवत साठलेलं. तिथे तो थांबून, सावकाश जळला. दुसऱ्या दिवशीही राख कोमट होती. लाकडी खांब पाच गेले.

कंद खोल असतात, साध्या आगीत वाचतात. ही आग साधी नव्हती. गुरं बाहेर ठेवून आतला जळणसाठा आम्हीच केला होता.

२० जुलै २०२४

पाऊस उत्तम. सबबींना जागा नाही.

‘अ’ : १६. ‘ब’ : २८.

दोनदा मोजलं. ‘अ’मध्ये गवत कंबरभर, आणि जिथे आग कमी लागली त्या कोपऱ्यात रानमोडी या तणाचे कोंब. गवत हाताने बाजूला केल्यावर खाली फिकट, बोटभर उंचीची पेक्टेलिसची पानं. ऊनच पोचत नाही. शिवाय खाली कुजलेल्या गवताचा ओला थर, त्यात गोगलगायी. सहा कोंब तर अर्धे कुरतडलेले.

‘ब’ही नंदनवन नाही. २८ पैकी पाच कोंबांचे शेंडे गुरांनी खाल्ले. पण उघड्यावरचे बाकीचे जाड, गडद हिरवे.

संध्याकाळी मामा भेटले. ते काही बोलले नाहीत. मीच बोलले. “मामा, गेल्या वर्षी तुम्ही सांगत होता...” त्यावर म्हणाले, “मी गवताचं सांगत हुतो. तुमच्या फुलाचं मला काय म्हाईत.” बरोबरच. फुलाचं आम्हाला माहीत असायला हवं होतं.

१० सप्टेंबर २०२४

गौरी आल्या. ‘ब’मधल्या दहा फुललेल्या झाडांपैकी तीन झाडांचे दांडे मोडून नेलेले. खाली वाडीत गेले तर एका घरी गौरीपुढे तेरड्याबरोबर आमचं क्रमांक ४१, अजून ताजं. पोरीने मोठ्या कौतुकाने दाखवलं. “वास रातीला येतो काकू, घरभर.” काय बोलणार. प्रसाद घेतला.

घरी येऊन मात्र नोंद केली : कंद शाबूत, पान शाबूत, त्यामुळे झाडाचं नुकसान थोडं. यंदाचं बी गेलं. कंद उपटणाऱ्यांच्या यादीत या पोरीचं नाव घालायचं नाही. ते वेगळे. ते टिकाव घेऊन येतात, औषधाला म्हणून पोतं भरतात आणि मागे कागदाएवढंही पान ठेवत नाहीत. ऑर्किडांचं सगळं कुळ सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे, बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात. पण तो करार देशांच्या सीमेवरच्या व्यापाराचा. मालकी सड्यावर टिकाव चालवणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही. आमचा हा सडा मालकीचाच, मालक मुंबईला.

‘अ’मध्ये यंदा दोन झाडं फुलली. दोन.

२५ सप्टेंबर २०२४

पुड्या वर काढल्या. ४८ पैकी ४७. एक खेकड्याच्या बिळात ओढली गेली, चौकट दाराशी आडवी पडलेली.

टेबलावर दोन दिवस. एकेक चौकट उघडायची, जाळी पाण्यात पसरायची, भिंगाखाली सरकत जायची. चौतीस पुड्यांत काहीच नाही. नंतर बी फुगलेलं, कवच फाटलेलं. आणि एकोणचाळिसाव्या पुडीत कोपऱ्यात खसखशीएवढा पांढुरका गोळा, एका बाजूने लव आलेली. प्रोटोकॉर्म. हेच ऑर्किडाचं बाळपण. याला ना मूळ ना पान, आणि जमिनीखाली असाच तो महिनोन्‌महिने राहतो. खोलीत कुणीतरी पंखा बंद केला, उगाचच.

एकूण तीन पुड्यांत प्रोटोकॉर्म. तिन्ही ‘ब’मधल्या, तिन्ही मोठ्या झाडाच्या मीटरभरात. ‘अ’मध्ये शून्य. यावरून कुंपणात बुरशी मेली असं म्हणण्याचा मोह होतो. म्हणता येणार नाही. ही बुरशी मातीत ठिगळाठिगळांनी असते, आणि तीन हा आकडा फारच लहान. पण मोठ्या झाडाजवळच बी रुजतं, एवढं दिसतंय. तसं असेल तर एक मोठं झाड गेलं की त्याच्याभोवतीची पाळण्याची जागाही जाते.

३ ऑक्टोबर २०२४

बैठक. कुंपण काढायचं का? दोघांचं म्हणणं, लगेच. एकाचं म्हणणं, अजून दोन वर्षं थांबू, आकडे पक्के होऊ देत. मला वाटतं, पक्क्या आकड्यांसाठी झाडं संपवायची नाहीत. मधला मार्ग : ‘अ’चे दोन भाग. उत्तरेकडच्या अर्ध्यात बी पडून गेल्यावर विळ्याने गवत कापून बाहेर काढायचं, दक्षिणेकडचं अर्धं तसंच. ‘अ’मधली न दिसलेली २० झाडं आहेत. त्यांतली ११ उत्तरेत, ९ दक्षिणेत. ती झोपलीत की मेलीत, ते यातून थोडं कळेल.

अहवालातलं ‘स्पष्ट यश’ हे वाक्य मी काढून टाकायला सांगितलं. राहू दे, म्हणाले, तारीख घालून ठेवू.

७ डिसेंबर २०२४

कापणी. मामा, त्यांची सून आणि आम्ही चौघं. सूनबाई एका तासात जेवढं कापते तेवढं आम्ही दिवसात. गवत त्यांनीच वैरणीला नेलं. रानमोडी मुळासकट उपटली, हाताला दोन दिवस वास. कापलेल्या भागात जुन्या पट्ट्या सापडल्या, आठ, काही आगीत वाकलेल्या.

३ जून २०२५

मे संपायच्या आतच पाऊस. महाराष्ट्रात मोसमी पाऊस २५ मेच्या सुमाराला पोचला, मुंबईत २६ मेला, आणि तिथे इतक्या लवकर आल्याची नोंदच नाही. आमचं वेळापत्रक कोसळलं. पोचलो तेव्हा ‘ब’मध्ये कोंब वितभर झालेले.

साळिंदराने ‘ब’च्या वरच्या कडेला चार खड्डे केलेत. एका खड्ड्याशेजारी अर्धा कंद पडलेला, दातांच्या खुणांसकट. तो मातीत परत लावला. उगवेलसं वाटत नाही.

१२ जुलै २०२५

‘ब’ : २७.

‘अ’ उत्तर, कापलेला : १३. त्यांतली आठ गेल्या वर्षी दिसलेली, पाच परत आलेली. क्रमांक १७ तर २०२२ नंतर पहिल्यांदा. खांबांपासूनची अंतरं तीनदा मोजली. ३.४२ आणि ११.०६. तेच आहे. तीन वर्षं कुठे होतास बाबा?

‘अ’ दक्षिण, न कापलेला : ६. गेल्या वर्षीच्या सातांपैकी पाच, आणि परत आलेलं एक.

म्हणजे झोपलेली सगळी मेली नव्हती. सगळी झोपलेलीही नव्हती.

३० ऑगस्ट २०२५

फुललेली झाडं : ‘ब’ ९, ‘अ’ उत्तर ४, ‘अ’ दक्षिण ०. क्रमांक १७ ला फूल नाही, पण पानं चार.

रात्री दोन तास बसलो. पतंग आला नाही. वाडीच्या वरच्या वळणावर आता पांढरा झगझगीत दिवा लागलाय, त्याभोवती किडे भरपूर. पंचायतीत पिवळ्या, खाली तोंड असलेल्या दिव्याचं बोलून पाहायचं.

चराईचं बोलणं झालं. मामांना सुचवलं, नारळी पौर्णिमेपासून दसऱ्यापर्यंत गुरं उतारावर नकोत. “एवढे दीस? मग जनावरं काय दगड खात्यात?” शेवटी ठरलं ते असं : कळ्या दिसल्यापासून फुलं गळेपर्यंत गुरं ‘ब’च्या उताराला न नेता वरच्या सपाटीला न्यायची. त्याआधी आणि नंतर नेहमीसारखी. कळ्या दिसल्या की फोन मी करायचा नाही, तेच करणार. त्यांना आमच्या आधी दिसतात.

१४ सप्टेंबर २०२५

कुंपण काढलं. तारेचं वेटोळं करताना दोघांचे सदरे फाटले. तार मामांनी परसातल्या भाजीला मागितली, दिली. कोपऱ्याचे चार खांब तेवढे ठेवलेत, नाहीतर पुढच्या जुलैत चौकोनच सापडायचा नाही.